बोअरचं पाणी गोड, विहिरीचं जड. बाळंतिणीला कोणतं द्यायचं?

कापूसवाला_केळापूर · ९ मे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात माझं गाव. घरामागं आजोबांनी खोदलेली विहीर आहे, ४२ फूट खोल, वरपर्यंत दगडी बांधकाम. तीन पिढ्या आम्ही तेच पाणी प्यालो. पण पाणी जड आहे. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. उन्हाळ्यात तर तळच दिसतो. म्हणून यंदा होळी झाल्यावर बोअर मारली. ३४० फुटांवर पाणी लागलं आणि ते इतकं गोड लागलं की पहिल्या दिवशी शेजारचेही कळशा घेऊन आले. डाळ दोन शिट्ट्यांत शिजते. आई म्हणाली, आता विहिरीकडं बघायचं कारण नाही.

माझी मुलगी सातव्या महिन्यात आहे. जुलैतली तारीख दिली आहे, जूनमध्ये ती बाळंतपणाला माहेरी येईल. घरात तान्हं बाळ येणार म्हणून पाण्याचं नीट बघावं असं डोक्यात होतं. तेवढ्यात मागच्या आठवड्यात एक फिल्टर विकणारा आला. त्यानं तीन पेले मांडले, विहिरीचं पाणी, बोअरचं पाणी आणि त्याच्या मशीनचं पाणी. प्रत्येकात लोखंडी सळ्यांचं एक यंत्र बुडवलं आणि बटण दाबलं. विहिरीच्या पाण्याचा दोन मिनिटांत तपकिरी गाळ झाला. बोअरच्या पाण्यात थोडा कमी. मशीनच्या पाण्याला काहीच झालं नाही. आईनं तो गाळ पाहिला आणि त्या दिवसापासून तिनं विहिरीचं पाणी तोंडाला लावलेलं नाही. त्याच्याच मीटरवर टीडीएस विहिरीचा ९८० आला, बोअरचा ४१०.

बोअरचं पाणी चांगलं असं यावरून धरायचं का? तपासणी करायचीच तर नेमकी कशाकशाची आणि कुठं? धाकटा भाऊ म्हणतो विहीर बुजवून टाकू, तेवढी जागा होईल. माझा जीव होत नाही.

परीक्षानळी · ९ मे

भाऊ, विहीर बुजवू नका. आणि बोअरचं पाणी गोड लागलं म्हणून ते मुलीला सुरू करू नका. दोन्हींची तपासणी होईपर्यंत थांबा. मी २६ वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली निम्मी विदर्भात. तुमच्या भागातल्या बोअरचं पाणी गोड लागतं असं कुणी सांगितलं की मला आधी फ्लोराइड आठवतं, खडकातून पाण्यात उतरणारा क्षार.

आधी त्या सळ्यांचं सांगते, कारण आईंच्या मनातली भीती तिथून आली आहे. तो गाळ तुमच्या पाण्यात नव्हता, तो सळईचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि तपकिरी साका तयार होतो. मशीनच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, म्हणून वीज जेमतेम वाहते आणि ते स्वच्छ दिसतं. पुन्हा तो माणूस आला तर त्याच्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांगा. तेही तसंच गढूळ होईल. आपण रोज वरणात घालतो तेच मीठ. या प्रयोगानं जंतू, फ्लोराइड, गोठ्या-खतातून झिरपणारं नायट्रेट यांतलं काहीही कळत नाही.

टीडीएसचंही तसंच. तो आकडा म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. बेरजेत काय काय मिसळलं आहे हे तो सांगत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ४१० मधले अडीच-तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असले तर मीटरला ते दिसणारच नाहीत, आणि मुलांचे दात बिघडवायला तेवढे पुरतात. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, नाइलाज असेल तर दीड.

आता गोडीचं कारण. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जातं आणि पाण्यात फार राहत नाही. असं पाणी जड लागतं, डाळ शिजत नाही. खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं, सोडियम वाढतं आणि खडकातलं फ्लोराइड मोकळेपणानं विरघळत जातं. ते पाणी मऊ असतं, साबणाला फेस येतो, डाळ भराभर शिजते. म्हणजे ज्या गुणांनी घरातली बाई पाणी पसंत करते, नेमके तेच गुण आपल्याकडं फ्लोराइडच्या पाण्याचेही असतात. प्रत्येक मऊ पाणी वाईट असतं असं नाही, पण यवतमाळ, चंद्रपूर आणि तिकडं नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडच्या जुन्या नोंदी आहेत. तिथं तपासल्याशिवाय बोअर पिण्याला लावू नये.

एक बाई एकदा आमच्याकडं नमुना घेऊन आल्या होत्या, सोबत आठ वर्षांचा मुलगा. पाणी काचेसारखं. मी चाचणीचं लाल द्रावण त्यात घातलं आणि लाल रंग फिका पडत गेला. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग उतरतो. मुलाला सहज म्हटलं, दात दाखव रे. पुढच्या दातांवर आडव्या पिवळट-तपकिरी रेघा होत्या. आई म्हणाली, घासतच नाही नीट, रोज ओरडते. त्या रेघा घासून जाणाऱ्या नव्हत्या. दात हिरडीच्या आत तयार होत असताना त्या उमटतात आणि मग जन्मभर राहतात. तिला हे सांगताना मला काय वाटलं ते अजून विसरले नाही.

दोन्ही पाण्यांच्या दोन-दोन चाचण्या करा, रासायनिक आणि जैविक. रासायनिकमध्ये पीएच, टीडीएस, एकूण कठीणपणा (म्हणजे जडपणा), क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह हे मागून घ्या. जैविकमध्ये कोलिफॉर्म आणि ई-कोलाय, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, तिथं खासगी माणसाचाही नमुना घेतात. जायच्या आधी फोन करून वार आणि शुल्क विचारा, आणि जैविक चाचणीची निर्जंतुक बाटली तिथूनच आणा.

नमुना घेताना माणसं चुकतात म्हणून हे सविस्तर सांगते. रासायनिकसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन. काच नको, आणि तेलाची किंवा थंड पेयाची बाटली तर नकोच. बोअर दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. त्याच पाण्यानं कॅन तीनदा विसळा, मग काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. जैविकची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. झाकणाच्या आतून बोट लागू द्यायचं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकलं असेल तर त्यानंतर लगेच नमुना घेऊ नका. प्रत्येक कॅनवर तारीख, विहीर की बोअर, खोली आणि गाव लिहा. गोठा, उकिरडा, संडासाचा खड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहेत तेही कळवा.

तेल्हाऱ्याचा_राजा · १० मे

राजेहो, आमच्याकडं अकोल्यात खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीतलं पाणीच खारं, माझ्या बोअरचा टीडीएस २४००. तिथं आरओ, म्हणजे जाळीतून क्षार गाळणाऱ्या मशीनशिवाय, भागत नाही, म्हणून मशीन वाईट असं मी म्हणणार नाही. पण माझी चूक सांगतो. मशीन बसवली तेव्हा गाळलेल्या पाण्याचा टीडीएस १८० होता. तीन वर्षं मी पुन्हा मोजलाच नाही. चवीत हळूहळू फरक पडत गेला तो कोणाच्या लक्षात आला नाही. गेल्या दिवाळीत पाहुण्यानं मोजला तर ९००. आतली जाळी संपली होती आणि आम्ही मशीनचं पाणी म्हणून बिनधास्त पीत होतो. लहान पोरं आहेत घरात. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

परीक्षानळी · १० मे

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. टीडीएस मीटरचा खरा उपयोग तोच, आरओच्या आधी आणि नंतर मोजून जाळी जिवंत आहे की नाही ते बघणं. महिन्यातून एकदा मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आरओ फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही कमी करतो. नुसता यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा असलेलं यंत्र जंतू मारतं, फ्लोराइड-नायट्रेटला हातही लावत नाही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेली असतात.

जलसुरक्षक_मारेगाव · ११ मे

प्रयोगशाळेत जाईपर्यंत एक करता येईल. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवलं आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत किट असेल. आमच्याकडं कुणी घरच्या विहिरीचं पाणी आणलं तर आम्ही बघून देतो. त्यातल्या जंतूंच्या कुपीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं झालं तर पाणी दूषित. रंगावरून अंदाज कळतो, नेमका आकडा प्रयोगशाळाच देते.

कापूसवाला_केळापूर · २४ मे

ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. सरकारी प्रयोगशाळा लांब पडत होती, म्हणून तालुक्याला कामासाठी जाणाऱ्या भाच्याकडं देऊन एका खासगी प्रयोगशाळेत दिलं. अहवाल आले.

बोअर: पीएच ८.४, टीडीएस ४१८, कठीणपणा ६०, नायट्रेट १, फ्लोराइड २.६. जंतू नाहीत.

विहीर: पीएच ७.३, टीडीएस ९७६, कठीणपणा ५२०, नायट्रेट १९, फ्लोराइड ०.४. कोलिफॉर्म आहेत, ई-कोलाय आहेत.

फ्लोराइडचा आकडा पाहून मी बोअरचा नळ स्वयंपाकघरातून काढला. आईला पटवायला दोन दिवस लागले. विहिरीचं नायट्रेट १९ आहे, मर्यादा ४५, म्हणजे पास झालं ना? जंतूंचं उकळून भागेल. मग विहिरीचंच पाणी उकळून द्यावं असं ठरवतो आहे. गोठा विहिरीपासून वीस फुटांवर आहे, उकिरडा त्याच्या पलीकडं. शोषखड्डा दुसऱ्या बाजूला साधारण तीस फुटांवर.

परीक्षानळी · २४ मे

भाऊ, थांबा. अहवाल पुन्हा हातात घ्या आणि नायट्रेटच्या ओळीत किंवा खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट, एन म्हणून"?

कापूसवाला_केळापूर · २४ मे

कंसात "एन म्हणून" असं आहे.

परीक्षानळी · २४ मे

मग १९ ला ४.४३ नं गुणा. ८४ येतात. मर्यादा ४५ आणि तिच्यात सवलत नाही. विहीर नापास आहे.

काही प्रयोगशाळा पूर्ण नायट्रेट मोजून लिहितात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. पाणी एकच, पण आकडे साडेचार पट वेगळे. नायट्रोजन म्हणून दिलेला आकडा १० च्या वर गेला की पाणी नापास, हे डोक्यात ठेवा. अहवाल खोटा नाही, पण शेजारी ४५ छापलेलं असलं की माणूस फसतो. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक करणार होते. वरिष्ठांनी सही करायच्या आधी बोट ठेवून विचारलं, कशाच्या रूपात?

आणि हे पाणी उकळू तर मुळीच नका. उकळल्यानं जंतू मरतात, पण वाफ होऊन पाणी आटतं आणि नायट्रेट तिथंच राहतं. म्हणजे काळजीपोटी जितकं जास्त उकळाल तितकं ते दाट होईल. फ्लोराइडचंही तेच.

नायट्रेटचा धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. हे होतं मुख्यतः पावडरचं किंवा वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिल्यानं. अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो. म्हणून मुलीला सांगा, सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको. आणि घरच्या मोठ्या माणसांना एक विनंती: बाळगुटी विहिरीच्या पाण्यात उगाळून द्यायची नाही. मला ठाऊक आहे, सहाणेवर मायेनंच उगाळतात. पण हे पाणी त्या सहाणेवर नको. दवाखान्यातही डॉक्टरांना अहवाल दाखवा.

८४ कुठून आले ते तुम्हीच लिहिलंय. गोठ्याचं मूत, उकिरडा, शोषखड्डा, आणि भोवतालच्या कपाशीला दिलेला युरिया. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं झिरपून विहिरीत येतं. विहिरीपासून शोषखड्डा निदान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट दूर हवा. उकिरडा पावसाळ्याआधी हलवा. विहिरीला चारही बाजूंनी उतार असलेला सिमेंटचा ओटा करून घ्या, म्हणजे कडेचं पाणी आत जाणार नाही. नायट्रेट लगेच उतरणार नाही, काही पावसाळे जातील. पण उतरेल. विहीर बुजवू नका म्हटलं ते यासाठीच. आज ती धुण्याला, गुरांना, झाडांना वापरा, पिऊ नका.

आता पिण्यासाठी तिसरं पाणी शोधा. गावात कुणाची उथळ विहीर आहे का, वस्तीपासून लांब, शेतात? जंतू निघाले तरी हरकत नाही. जंतू घरी मारता येतात. फ्लोराइड आणि नायट्रेट घरच्या पातेल्यात निघत नाहीत.

कापूसवाला_केळापूर · ८ जून

ताई, चुलतभावाच्या शेतात विहीर आहे, घरापासून अर्धा किलोमीटर. वस्ती नाही, गोठा नाही. तिथला नमुना मी स्वतः घेऊन जिल्ह्याला गेलो. मोटार सुरू करून, बर्फात बाटली, सकाळच्या पहिल्या एसटीनं. अहवाल: टीडीएस ६२०, कठीणपणा ३१०, फ्लोराइड ०.७, नायट्रेट २२. या वेळी विचारून घेतलं, पूर्ण नायट्रेटच आहे. ई-कोलाय मात्र आहेत.

रोज वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणायचे ठरवले. आईनं चव घेतली आणि म्हणाली, हे आपल्या जुन्या विहिरीसारखं लागतं. उकिरडा मागच्या रविवारी हलवला, भाऊही लागला हाताला. ओटा पुढच्या आठवड्यात.

परीक्षानळी · ८ जून

किती बरं वाटलं म्हणून सांगू! मुलीला आणि घरच्या सगळ्यांना ते पाणी खळखळून उकळी आणून, गार करून, झाकून द्या. घ्यायचं ते ओगराळ्यानं, हात बुडवायचा नाही. चाळीसच्या चाळीस लिटर उकळणं जमत नसेल तर स्वयंपाकाचं तसंच वापरा, ते शिजतंच. पिण्याचं तेवढं उकळा.

शेतातल्या विहिरीत टीसीएल टाकायचं असेल तर हिशेब असा: विहीर गोल, व्यास ५ मीटर, आत ४ मीटर पाणी असेल तर ३.१४ गुणिले अडीचचा वर्ग गुणिले ४, म्हणजे साधारण ७८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरलं तर चारशे ग्रॅमच्या आत-बाहेर पावडर. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी बादलीनं विहिरीत खोल सोडून हलवायचं. तासभर पाणी काढायचं नाही. पावडरचं पोतं उघडं राहिलेलं नसावं, हवेनं तिचा जोर जातो. तुमची मापं तुम्ही घाला. आणि चुलतभावाला सांगा, फवारणीचा पंप त्या विहिरीवर धुवायचा नाही, औषध तिथं कालवायचंही नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पुन्हा दोन्ही चाचण्या करा. पावसानंतरचं पाणी वेगळं असतं.

कापूसवाला_केळापूर · १५ जून

मुलगी काल आली. तिला सगळे अहवाल दाखवले, तिनं घडी करून दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवले.

ताई, आणखी एक विचारायचं आहे. तुम्ही त्या मुलाच्या दातांचं लिहिलं होतं ते डोक्यातून गेलं नाही. आमच्या गावाच्या पलीकडं एक वस्ती आहे, पंचवीस-तीस घरं, एकच हातपंप. परवा तिथं मजूर सांगायला गेलो तर पोरं जमा झाली. हसली तेव्हा बघितलं. तिघांच्या दातांवर तशाच रेघा आहेत. त्यांच्यापैकी कुणी तपासणीला जाईल असं वाटत नाही. सोमवारी मला जिल्ह्याला जायचंच आहे. त्यांच्या हातपंपाचा नमुना मी नेला तर घेतील का? आणि हातपंपाचा नमुना कसा भरायचा?

परीक्षानळी · १५ जून

घेतात, भाऊ. जाण्याआधी ग्रामसेवकाला किंवा जलसुरक्षकाला सोबत घ्या, म्हणजे नमुना सार्वजनिक स्रोताचा म्हणून नोंदला जाईल आणि आकडा जास्त आला तर ग्रामपंचायतीला पर्यायी पाण्याचं बघावं लागेल. नमुन्याच्या चिठ्ठीवर हातपंपाची जागा, वस्तीचं नाव आणि किती घरं पाणी पितात ते लिहा.

कॅन प्लास्टिकचाच. आधी पाच-सहा मिनिटं जोरात हापसून पाणी वाहू द्या, मग तीनदा विसळून काठोकाठ भरा. जैविकची बाटली वेगळी, तोटी आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची. मुलांची वयंही एका कागदावर लिहून न्या, दातांवर रेघा कोणाकोणाला आहेत त्यासकट. अहवाल आला की इथं टाका, मी बघते.